अर्ध्या वाटेवर वाळणारा पाऊस

पोरांनो, आपल्या नागपुरात मे महिन्यात एखाद्या दिवशी दुपारी साडेचार-पाचच्या सुमारास पश्चिमेला, अंबाझरीच्या बाजूला आभाळ काळंभोर दाटून येतं. ढगाच्या पोटाखाली करड्या धारा लोंबू लागतात. पाऊस पडतोय हे डोळ्यांना स्वच्छ दिसत असतं. पण जरा नीट बघितलं तर कळतं, की त्या धारा जमिनीपर्यंत आलेल्याच नाहीत. खाली येता येता त्या विरळ होतात, एका बाजूला वाकतात आणि क्षितिजाच्या बऱ्याच वर संपून जातात. खाली वाडी कोरडी, हिंगणा कोरडं. घरातली मोठी माणसं म्हणतात, "आला आला म्हणेपर्यंत गेला." पण तो कुठं गेलेला नसतो. तो पडलेला असतो आणि वाटेत वाळलेला असतो.

हवामानशास्त्रात याला विर्गा म्हणतात. मी आपला अधांतरी पाऊस म्हणतो. लोकांना वाटतं हा पाऊस फुकट गेला. मला तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही तेच आज सांगणार आहे.

आधी हे बघू, की त्या थेंबाला यायचं असतं किती लांबून. जमिनीलगतची हवा तापते, वर चढते. वर चढताना फुगते आणि फुगताना गार होते, दर किलोमीटरला साधारण १० अंशांनी. अशी गार होत होत ती एका उंचीवर पोचते, तिथं तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं. तोच ढगाचा तळ. ही उंची घरबसल्या काढता येते. हवेचं तापमान घ्यायचं, त्यातून दवबिंदू वजा करायचा, म्हणजे ज्या तापमानाला त्या हवेत दव धरू लागेल ते तापमान, आणि उरलेल्या अंशांना १२५ नं गुणायचं. उत्तर मीटरमध्ये येतं. आपल्याकडे मे महिन्यातल्या दुपारी तापमान ४४ आणि दवबिंदू १२ धरा. फरक ३२. गुणाकार ४०००. म्हणजे ढगाचा तळ चार किलोमीटरवर! महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचं आहे. अशी दोन कळसूबाई एकावर एक ठेवली तरी या ढगाला हात लागत नाही.

आणखी एक नवल ऐका. मे महिन्यात आपल्या डोक्यावर साधारण पाच किलोमीटरवर शून्य अंश तापमान असतं. त्याच्या वरचा ढग गोठणबिंदूच्या खाली. तुम्ही खाली घामानं निथळत असता आणि तिथं वर हिमकण एकमेकांना चिकटून मोठे होत असतात. नागपूरच्या उन्हाळ्यातला बराचसा पाऊस असा बर्फ म्हणूनच सुरू होतो. पडताना शून्य अंशाची रेघ ओलांडली की वितळतो आणि थेंब होऊन ढगाच्या तळातून बाहेर येतो.

थेंब हा शब्द मी सहज बोलून गेलो, पण थेंब होणं सोपं नसतं. ढगातला पाण्याचा कण असतो एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. तो इतका हळू पडतो, की एका सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर. असे दहा लाख कण एकत्र आले तर दोन मिलिमीटरचा एक थेंब होतो. तोंडानं दहा लाख म्हणणं सोपं आहे. एकेक करून मोजायला बसलात, सेकंदाला एक, तर न झोपता अकरा दिवसांहून जास्त लागतील. एवढ्या कणांचं पाणी गोळा करून आपला थेंब प्रवासाला निघतो.

समजा, ढगाच्या तळातून एकाच क्षणी दोन थेंब निघाले. दोघे भाऊ. धाकटा एक मिलिमीटरचा, थोरला पाच मिलिमीटरचा. धाकटा सेकंदाला चार मीटर पडतो, थोरला नऊ. चार किलोमीटरचं अंतर थोरला साडेसात मिनिटांत तोडेल. धाकट्याला त्याच आकारात राहून यायचं म्हटलं तरी सतरा मिनिटं हवीत. पण तो त्याच आकारात राहील कसा? खालची हवा कोरडी आहे, तिच्यातली आर्द्रता पंधरा टक्क्यांवर आलेली आहे. ढग सोडल्यापासून ती हवा त्याच्या अंगावरून पाणी नेते आहे. तो लहान होतो, म्हणून हळू पडतो. हळू पडतो, म्हणून कोरड्या हवेत जास्त वेळ राहतो. जास्त वेळ राहतो, म्हणून आणखी लहान होतो. व्यास निम्मा झाला तर पाणी निम्मं उरत नाही, एक अष्टमांश उरतं. जमीन गाठायच्या आतच, वाटेत धाकटा संपतो. ढगाखालच्या धारा वाकलेल्या दिसतात त्या याचमुळे. लहान झालेले थेंब रेंगाळतात आणि वारा त्यांना मागं लोटतो.

थोरला मात्र पोचतो. चांगला घटून पोचतो, पण पोचतो. उन्हाळ्यातल्या पावसाची सुरुवात आठवा. मोजकेच, टपोरे थेंब धुळीत टप टप पडतात, दोन थेंबांत हातभर अंतर असतं, आणि आपल्याला वाटतं आज आभाळ मोठेच थेंब पाडतंय. आभाळानं बारीक थेंब मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त पाडलेले असतात. ते वाटेत वाळले. आपल्या अंगणात आले ते फक्त जगले-वाचलेले. गारांचंही तसंच. गार थोरल्याहूनही वेगानं येते आणि आधी तिला वितळावं लागतं, म्हणून काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागांवर ती भर उन्हाळ्यातही पोचते.

आता तुम्ही विचाराल, ४४ अंशांच्या हवेतून येणारा हा थेंब तापत नाही का? नाही तापत. तो २३ अंशांच्या आसपास राहतो. जिवंत असेपर्यंत तो गारच असतो. याचं कारण तुमच्या घराच्या खिडकीत बसवलेलं आहे. कूलरच्या ताट्यांवरून पाणी झिरपतं, गरम हवा त्यातून ओढली जाते, पाण्याची वाफ होते आणि खोलीत गार वारा येतो. वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती उष्णता पाणी हवेतून घेतं. थोडीथोडकी नव्हे. शून्य अंशाचं एक ग्रॅम पाणी उकळीला आणायला १०० कॅलरी लागतात, पण तेच एक ग्रॅम पाणी वाळवायला पाचशेहून जास्त. आपल्या शहरात कूलर इतका चांगला चालतो आणि मुंबईत चालत नाही, कारण आपली हवा कोरडी आहे. जे कूलर खोलीभर करतो तेच काम तो अधांतरी पाऊस आकाशात कित्येक चौरस किलोमीटरवर करत असतो. एक घनमीटर हवेत एक ग्रॅम पाणी वाळलं, की ती हवा दोनेक अंशांनी गार होते. चार-पाच ग्रॅम वाळलं तर आठ-दहा अंशांनी.

गार हवा जड असते. जड झालेली ती हवा आभाळात टिकत नाही, खाली कोसळते. पाणी वर राहिलं, वारा खाली आला. जमिनीवर आपटल्यावर तो चहूबाजूंना पसरतो आणि ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या वेगानं शहरात घुसतो. पाऊस नसताना आलेलं ते धुळीचं वादळ, कडुलिंबाच्या मोडलेल्या फांद्या, उडालेले पत्रे, गेलेली वीज, झाडाखाली पडलेला कैऱ्यांचा सडा, हे सगळं त्या न पोचलेल्या पावसाचं काम असतं. शेतकऱ्याला हा वारा पावसाइतकाच ठाऊक आहे. वाऱ्या-वावधानात मोहोर गेला, फळ गळलं, हे तो दर वर्षी सांगतो.

हा वारा ज्यानं जगाला समजावून सांगितला त्याची गोष्ट मला फार आवडते. त्याचं नाव तेत्सुया फुजिता. १९२० साली जपानच्या क्यूशू बेटावर जन्मला. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तो कोकुरा शहराजवळ शिकवत होता. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकेचं विमान दुसरा अणुबॉम्ब घेऊन निघालं, ते कोकुरावरच. पण त्या दिवशी शहरावर ढग आणि धुराचा पडदा होता. वैमानिकांना लक्ष्य दिसेना. विमान वळलं आणि नागासाकीला गेलं. ढग आडवे आले म्हणून फुजिता वाचला, नागासाकीतली हजारो माणसं मेली. काही आठवड्यांनी त्याला नागासाकीची पाहणी करायला पाठवलं. तिथं त्यानं पाहिलं, की स्फोटाच्या खालच्या एका बिंदूपासून सगळं बाहेरच्या दिशेनं, चहूकडे आडवं झालेलं आहे. ते चित्र त्याच्या मनात राहिलं.

पुढं तो शिकागो विद्यापीठात गेला आणि वादळांचा अभ्यास करू लागला. १९७४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत एका दिवसात जवळजवळ दीडशे चक्रीवावटळी आल्या. नंतर विमानातून जंगलं बघत असताना त्याला एके ठिकाणी पडलेली झाडं दिसली. वावटळीनं पाडलेली झाडं गोल फिरून पडतात. ही तशी नव्हती. मधल्या एका जागेपासून बाहेरच्या बाजूला, चहूदिशांना पडलेली होती. नागासाकीत पाहिलं होतं तसंच. इथं बॉम्ब तर पडला नव्हता. मग वरून काय आपटलं? त्याचं उत्तर होतं हवा.

पुढच्याच वर्षी, २४ जून १९७५ रोजी, न्यूयॉर्कला एक प्रवासी विमान उतरता उतरता कोसळलं आणि शंभराहून जास्त माणसं दगावली. फुजितानं सांगितलं, की वादळी ढगाखाली हवेचा एक झोत वरून खाली आला होता. उतरणारं विमान अशा झोतात शिरतं तेव्हा आधी समोरून वारा येतो आणि विमान उचललं जातं. मग वरून दाब येतो. पलीकडे गेलं की वारा पाठीमागून येतो आणि पंखांना आधारच उरत नाही. सगळं काही सेकंदांत. त्या वेळी अनेक तज्ज्ञांना हे पटलं नाही. १९८२ साली कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ रडार लावून पाहणी झाली, तेव्हा एका उन्हाळ्यात असे दीडशेहून जास्त झोत नोंदले गेले. आणि त्यांतले बहुतेक कोरडे होते! वर ढगाखाली लोंबत्या धारा, खाली थेंब नाही, आणि जमिनीवर धूळ उडवणारा जोरदार वारा. आपल्या मे महिन्यातल्या संध्याकाळी दिसतं तेच. तेव्हापासून वैमानिकांना शिकवतात, की अशा धारा दिसल्या तर त्यांच्याखालून जायचं नाही. विमानतळांवर हे झोत ओळखणारी यंत्रणा बसली आणि असे अपघात जवळजवळ थांबले. एका माणसानं पडलेली झाडं नीट पाहिली, त्यातून किती जीव वाचले बघा.

कधी कधी हा कोसळणारा वारा उलटच करतो. सगळे थेंब बरेच वर असतानाच वाळून गेले, तर हवेला गार करायला पुढं काही उरत नाही. पण वेगानं निघालेली हवा थांबत नाही. ती खाली येत राहते, दाबली जाते, आणि दाबली गेली की दर किलोमीटरला १० अंशांनी तापते. ९ जून २०११ च्या मध्यरात्रीनंतर अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विचिता शहरात वीस मिनिटांत तापमान २९ वरून ३९ अंशांवर गेलं. ऐन रात्री, ना सूर्य ना आग! मला ही घटना पहिल्यांदा कळली तेव्हा किती तरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

आता आपल्या सोनेगावला येऊ. तिथं प्रादेशिक हवामान केंद्र आहे. पावसाची नोंद जमिनीवर ठेवलेल्या पर्जन्यमापकात होते. अधांतरी पाऊस त्या भांड्यात पडत नाही, म्हणून नोंदीत शून्य. पण डॉप्लर रडारला तो दिसतो. रडारचा किरण थोडा वर रोखलेला असतो, शिवाय पृथ्वी गोल, त्यामुळे शंभर किलोमीटर दूर गेल्यावर तो जमिनीपासून दीड किलोमीटरभर उंचीवर असतो. त्या उंचीवर थेंब आहेत, तेवढं तो सांगतो. ते पुढं जगले का, हे त्याला दिसत नाही. मोबाईलवर तुमच्या गावावर हिरवे-पिवळे ठिपके दिसतात आणि अंगणात थेंब नसतो, तेव्हा रडारला दोष देऊ नका. त्यानं पाहिलेला पाऊस खरा होता.

जे थेंब अर्धेमुर्धे वाळून पोचतात, त्यांच्या पाण्यात त्या प्रवासाची खूणही राहते. पाण्यातला ऑक्सिजन बहुतेक हलका असतो, थोडासा जड. हलके रेणू आधी उडून जातात, जड मागं राहतात. म्हणून वाटेत घटलेल्या थेंबात जड ऑक्सिजनचं प्रमाण किंचित वाढलेलं असतं, आणि प्रयोगशाळेत ते मोजून हा थेंब किती वाळत आला याचा अंदाज बांधता येतो.

आणि आता मूळ प्रश्न. वाळलेलं पाणी फुकट गेलं का? पहिल्या धारा वाळल्या, त्यांची वाफ तिथंच, ढगाखालच्या हवेत राहिली. हवा गार झाली, ओलसर झाली. त्याच वाटेनं दुसऱ्या धारा आल्या, त्यांना कमी कोरडी हवा लागली, त्या आणखी खाली आल्या. तिसऱ्या धारांमधले थेंब जमिनीला टेकले. एकाच संध्याकाळी, एकाच ढगाखाली हे घडताना दिसतं. जोवर पाठचे थेंब येत राहतात तोवर पुढच्या थेंबांचं वाळणं वाया जात नाही. ढगातलं पाणीच आधी संपलं तर गोष्ट वाऱ्यावर संपते.

संबंध उन्हाळ्याचं पाहिलं तर बदल मोठा असतो. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नवतपा सरतो, मृग लागतो, जूनच्या मध्याला मोसमी वारे विदर्भात येतात आणि बंगालच्या उपसागरातून, अरबी समुद्रातून ओली हवा घेऊन येतात. तापमान ३० वर उतरतं, दवबिंदू २४ वर चढतो. करा बरं गुणाकार: सहा गुणिले १२५, साडेसातशे मीटर. चार किलोमीटरवरचा ढग पाऊण किलोमीटरवर आला! आता आपला धाकटा थेंबसुद्धा तीनेक मिनिटांत, ओल्या हवेतून, जवळजवळ आहे तसा अंगणात उतरतो.

आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर रामटेकची टेकडी आहे. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, अशी आपल्याकडची परंपरा. यक्षानं निरोप द्यायला ढग निवडला तो आषाढातला. वैशाखातल्या ढगाला निरोप दिला असता तर त्याचं पाणी रामटेकच्या खालच्या पठारावरच हवेत विरलं असतं. कालिदासाला आपल्या भागातलं आभाळ ठाऊक होतं असं मला मनापासून वाटतं.

चातक पडता पाऊस हवेतच पितो, मग तो हाच पाऊस का, असं तुम्ही विचाराल म्हणून सांगतो. चातक आपल्याकडे येतो मोसमी वाऱ्यांच्या सोबत, जूनमध्ये. मे महिन्यातल्या या धारांशी त्याची गाठ पडत नाही. शिवाय त्याचं मुख्य खाणं केसाळ सुरवंट, आणि सुरवंटाच्या अंगात भरपूर पाणी असतं. जमिनीवरचं पाणी न शिवण्याची कथा लोकांनी त्याला प्रेमानं दिलेली आहे.

अधांतरी पाऊस आपल्या पृथ्वीपुरताही नाही. शुक्राच्या ढगांतून गंधकाम्लाचा पाऊस पडतो आणि जमिनीच्या कितीतरी वर वाळून जातो, कारण खाली साडेचारशे अंशांहून जास्त तापमान आहे. शुक्राच्या जमिनीवर आजवर तो पोचलेला नाही. मंगळावर २००८ साली फिनिक्स नावाचं यान उतरलं होतं. त्याच्या लेझर उपकरणाला वरच्या ढगांतून हिम पडताना दिसलं, आणि सुरुवातीच्या नोंदींत ते जमिनीला लागण्याआधीच विरत होतं. ते ढग किती उंचीवर होते माहीत आहे? सुमारे चार किलोमीटर. आपल्या मे महिन्यातल्या ढगाएवढेच.

पोरांनो, आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पाऊस जमिनीवर पोचला नाही तरी वीज पोचते. थेंब नाही म्हणून शेतात, मैदानात निर्धास्त राहू नका. विदर्भात दर उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर विजेनं माणसं आणि गुरं दगावतात. पश्चिमेला धारा लोंबताना दिसल्या की झाडाखाली, जाहिरातीच्या फलकाखाली, पत्र्याच्या शेडखाली उभं राहू नका. पक्क्या घरात या. गुरं मोकळ्यावर असतील तर त्यांना हाक मारा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं 'दामिनी' नावाचं ॲप केलं आहे, जवळपास वीज पडत असेल तर ते सांगतं. घरातल्या एका तरी फोनवर ते असू द्या.

आणि सुरक्षित जागी आल्यावर खिडकीतून बघणं सोडू नका. एक वही करा. तारीख लिहा, धारा कोणत्या दिशेला आणि किती वाजता दिसल्या ते लिहा, वारा किती मिनिटांनी आला, तापमान किती उतरलं, पहिला थेंब पडला की नाही, ते लिहा. सोनेगावच्या पर्जन्यमापकात या पावसाची नोंद होत नाही. ती तुम्ही ठेवा.